काम आणि दाम : एका गीतातील सॅक्सोफोन

गाणे कोणाचे, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक श्रोते गायकाचे नाव सांगतात. जे अधिक चोखंदळ असतात ते कवीचे आणि चाल बांधणाऱ्याचेही नाव घेतात. पण गायक मध्येच थांबला म्हणजे जो दुसरा कोणी पुढे येऊन दहा-वीस सेकंदांचे काम करून जातो, आणि ज्याचे ते काम आपण घरी जाताना रस्त्याने गुणगुणत असतो, त्याचे नाव आपणांस बहुधा ठाऊक नसते. या अनामिक गृहस्थाविषयी आज बोलावे असे आम्ही योजले आहे. आम्ही संगीतशास्त्राचे पदवीधर नव्हे. शाळाही अर्धीच झाली. पुढचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. त्यामुळे कोणतीही वस्तू समोर आली की ती कशी घडली, तिच्यात कोणाचे किती काम आहे आणि त्या कामाचे त्याला काय मिळाले, हे तीन प्रश्न आमच्या तोंडी आपोआप येतात. एका इंग्रजी गाण्याला आम्ही तेच प्रश्न विचारले. त्याची ही हकीकत आहे.

प्रथम एक-दोन शब्दांचा उलगडा करू. इंग्रजी 'बॅलड' या शब्दाला आपल्याकडे 'पोवाडा' हा प्रतिशब्द रूढ झाला, आणि कथा सांगणाऱ्या जुन्या बॅलडपुरता तो ठीकच आहे. आजच्या पॉप संगीतातले बॅलड मात्र निराळे. संथ वा मध्यम लयीचे, एकाच मनःस्थितीभोवती फिरणारे असे ते गीत असते. आपल्या भावगीताचा तो दूरचा भाऊ म्हणावा. त्यात कडवी असतात, आणि प्रत्येक कडव्यानंतर फिरून येणारे ध्रुवपद असते. कडव्यात परिस्थिती सांगायची आणि ध्रुवपदात मनातले मुख्य वाक्य उच्च स्वरात म्हणायचे, अशी ही कामाची वाटणी असते. मध्ये एखाद्या वाद्याला एकट्याने वाजवण्यास जागा देतात. त्यास आपण एकलवादन म्हणू.

आता सुषिर वाद्याकडे येऊ. सॅक्सोफोन पितळेचा असतो, पण पाश्चात्य वर्गीकरणात तो लाकडी फुंकवाद्यांत मोडतो. हे ऐकून प्रथम आम्हांलाही हसू आले होते. पण कारण सरळ आहे. ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यात वादकाचे ओठ थरथरतात आणि त्यातून स्वर निघतो. सॅक्सोफोनमध्ये, क्लॅरिनेटप्रमाणेच, मुखाशी एक रीड बांधलेली असते. रीड म्हणजे बोरूसारख्या वनस्पतीची तासलेली पातळ पट्टी. फुंकर घातली की ती थरथरते आणि नळीतली हवा बोलू लागते. आपल्या सनईत अशा पात्यांची जोडी असते, येथे एकच असते, एवढा फरक. बेल्जियममध्ये १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ साक्स या कारागिराने हे वाद्य घडवले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यातल्या 'आल्टो' या प्रकाराचा पल्ला सुमारे अडीच सप्तकांचा असून माणसाच्या गळ्याचा बराचसा टापू त्यात येतो.

या माहितीचा गाण्याशी संबंध असा की, तारेवरचा स्वर छेडताक्षणीच विझू लागतो. विजेच्या साहाय्याने तो लांबवता येतो खरा, पण त्याचा जन्म आघातातून झालेला असतो. फुंकेचा स्वर मात्र सुरू झाल्यानंतरही वाढवता येतो, ओठांच्या दाबाने किंचित वर-खाली वाकवता येतो, खरखरीत किंवा मऊ करता येतो. शिवाय वादकाचा दम संपला की वाक्य संपते. गायकाचेही तसेच आहे. म्हणून सुषिर वाद्य ऐकताना आपण नकळत एक माणूस श्वास घेत आहे असे ऐकत असतो. गायक गप्प झाल्यावर त्याच्या जागी उभे राहण्यास हे वाद्य जितके लायक, तितकी दुसरी वाद्ये क्वचितच असतील.

आता आमचे उदाहरण. गीताचे नाव 'बेकर स्ट्रीट'. गीतकार, चाल बांधणारा व गायक एकच : स्कॉटलंडमधील पेझ्ली गावचा गेरी रॅफर्टी. १९७८ साली 'सिटी टू सिटी' या ध्वनिमुद्रिकेत हे गीत आले. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ते तिसऱ्या आणि अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. यापूर्वी रॅफर्टी 'स्टीलर्स व्हील' या वाद्यवृंदात होता. १९७५ मध्ये तो मोडला आणि करारांच्या भांडणात तीन वर्षांच्या आसपास त्याला स्वतःची गाणी प्रसिद्ध करता आली नाहीत. वकिलांच्या भेटींसाठी तो ग्लासगोहून लंडनला आगगाडीने खेपा घालीत असे आणि बेकर स्ट्रीटजवळ एका मित्राच्या घरी उतरत असे. ज्याच्या हाताला काम आहे, बाजारात मागणी आहे, पण कागदाने ज्याला बांधून ठेवले आहे, अशा माणसाचे हे गाणे आहे. कडव्यांत मोठ्या शहरात एकटा पडलेला माणूस येतो, मद्याच्या आधाराने ढकललेले दिवस येतात, जमिनीचा तुकडा घेऊन स्वस्थ राहण्याची स्वप्ने पाहणारा एक मित्र येतो. शेवटी घरी परतण्याची गोष्ट येते.

आता याची रचना पाहा. सुरुवातीला मंद, धूसर असे काही स्वर. मग एकदम सॅक्सोफोन उंचावर उगवतो आणि एक ठसठशीत चाल वाजवतो. नंतर कडवे. रॅफर्टी दबक्या, थकल्या आवाजात गातो. स्वर फारसे हलत नाहीत. कडव्याच्या उत्तरार्धात आवाज जरा वर चढतो, आता ध्रुवपद येणार अशी आपली खात्री होते, आणि गायक गप्प होतो! ध्रुवपदाच्या जागी सॅक्सोफोन येतो आणि तीच चाल पुन्हा वाजवतो. दुसऱ्या कडव्यानंतर तेच. या गाण्याला शब्दांचे ध्रुवपदच नाही. जे मुख्य वाक्य म्हणायचे ते वाद्यावर सोपवलेले आहे.

असे का केले असावे, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. कडव्यातला माणूस पिचलेला आहे. त्याने ध्रुवपदात स्वतःच उंच आवाजात आशा गायली असती, तर ती कोणी खरी मानली नसती. आम्ही संपाच्या दिवसांत हे अनुभवले आहे. दोन महिने पगार नसलेला माणूस व्यासपीठावरून विजयाची भाषा करू लागला की समोरचे खाली पाहू लागतात. त्याच वेळी बाहेर कोणी ढोलकीवर थाप मारली तर तीच माणसे ताठ होतात. आशेला कधीकधी शब्द पेलत नाहीत. येथे शब्द थकव्याचे काम करतात आणि सॅक्सोफोन, माणसाच्या छातीतून जे अजून गेलेले नाही, त्याचे काम करतो. एकाच माणसाचे दोन भाग दोघांनी वाटून घेतले आहेत. शेवटी घराकडे निघाल्याचे शब्द येतात, आणि पुढे शब्द नाहीतच. गिटार आणि सॅक्सोफोनच गाणे शेवटास नेतात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा जी चाल परकी हाक वाटली होती, तीच आता घरी पोचल्यासारखी वाटते.

हे वाजवणाऱ्याचे नाव राफाएल रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म १९५४, मृत्यू २०१४. ध्वनिमुद्रण १९७७ साली ऑक्सफर्डशायरमधील चिपिंग नॉर्टन येथील स्टुडिओत झाले. तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा होता आणि बैठकीच्या मोलावर वाजवणारा वादक होता. आपल्या भाषेत रोजंदारीवर. सोप्रानो सॅक्सोफोनवरचे थोडेसे काम करण्यासाठी तो आला होता, आणि त्या जागेसाठी आपल्या मोटारीत पडलेला आल्टो वाजवून पाहू, असे त्यानेच सुचवले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. या कामाचे त्याला २७ पौंड मिळाले असे सांगितले जाते. गीतकार म्हणून रॅफर्टीचे एकट्याचे नाव आहे.

येथे आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाचा हात लगेच मुठीकडे वळतो. चाल वादकाची, पैसा मालकाचा, असे ओरडावेसे वाटते. पण थांबले पाहिजे. 'सिटी टू सिटी'ची नवी आवृत्ती २०११ मध्ये निघाली, तीत रॅफर्टीने अगोदर करून ठेवलेला कच्चा आराखडाही प्रसिद्ध झाला. त्यात ही चाल आहे. ती इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेली आहे. रेव्हन्सक्रॉफ्टचे सांगणे असे होते की त्याच्यापुढे गाण्यातली मोकळी जागा ठेवण्यात आली आणि ती त्याने भरली. आराखडा मात्र सांगतो की चाल आधीच होती. जे आपले नाही त्यावर हक्क सांगू नये, हा संघटनेचा पहिला धडा आहे. खोटी मागणी खऱ्या मागणीलाही बुडवते.

म्हणून दुसरा प्रश्न विचारू. चाल तीच असताना गिटारवरचा आराखडा आणि सॅक्सोफोनवरचे पक्के गाणे यांत फरक पडतो की नाही? दोन्ही लागोपाठ ऐका. आराखड्यात ती चाल दोन कडव्यांमधला चांगला सांधा आहे. पक्क्या गाण्यात ती गाण्याचा कणा आहे. स्वरांची नावे तीच. पण पहिल्या स्वरावर घेतलेली उसळी, मधला घोगरेपणा, वाक्याच्या शेवटी दम संपताना येणारी ओढ, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. ते त्या पोराच्या छातीतले आणि ओठांतले होते. नकाशा रॅफर्टीचा, घर बांधले दोघांनी. आणि एक गंमत अशी की, रेव्हन्सक्रॉफ्टला स्वतःला हे वादन आवडत नसे. २०११ मध्ये त्याने मुलाखतीत सांगितले की आपले वादन सुराला किंचित उतरलेले आहे आणि ते ऐकून आपल्याला त्रास होतो. जगाने डोक्यावर घेतलेल्या कामातली कसर कारागिराला दिसत राहते. चांगला फिटरही असाच असतो.

एका उदाहरणावरून नियम काढू नये, म्हणून आणखी दोन पाहू. 'द मूडी ब्लूज' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' हे १९६७ सालचे बॅलड जस्टिन हेवर्ड याने लिहिले. त्यात रे टॉमस याचे बासरीवादन एकदाच, गाण्याच्या मध्यावर येते. गायकाचा आवाज ताणाच्या टोकाला गेलेला असतो. बासरी येऊन तो ताण सैल करते आणि गाण्याला पुढे चालण्यास बळ देते. येथे वाद्याचे काम विसाव्याचे आहे. टॉमस त्या वृंदाचा सभासद, म्हणजे भागीदार होता, रोजंदार नव्हता, हेही लक्षात ठेवावे. दुसरे गीत जॉर्ज मायकेलचे १९८४ मधील 'केअरलेस व्हिस्पर'. यात शब्दांचे ध्रुवपद आहे. तरीही सॅक्सोफोन गायकाच्या आधी येतो आणि पुढे जी कबुली द्यायची आहे तिचा सूर आधीच लावून ठेवतो. ही चाल मायकेलच्या स्वतःच्या डोक्यातली, पोरवयात बसमध्ये सुचलेली. ती तयार होती, तरी मनासारखी वाजेना! अमेरिकेत १९८३ मध्ये केलेले एक ध्वनिमुद्रण त्याने बाजूस ठेवले. एकामागून एक वादक आले नि गेले. शेवटी स्टीव्ह ग्रेगरी याने ती वाजवली आणि ते गीत त्या वर्षी ब्रिटनच्या यादीत पहिले आले. चाल हाती असताना जर इतके वादक तपासावे लागले, तर वादन म्हणजे कोणीही उचलून करावे असे हमालीचे काम नव्हे, हे चाल बांधणाऱ्यानेच सिद्ध केले म्हणावयाचे.

वादक काढून घेतले तर बॅलडचे काय होते, याचा प्रयोगही एकदा झालेला आहे. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तबकडी एकदा वाजवून घ्यायची आणि मग तीच रेडिओवर व उपाहारगृहांत हजारदा वाजवून जिवंत वादकाला घरी बसवायचे, ही तक्रार होती. आपल्याच हातच्या कामाने आपलाच रोजगार मारावा, असा हा प्रकार. गायक त्या संघटनेत नव्हते. तेव्हा कंपन्यांनी काय केले? १९४३ मध्ये फ्रँक सिनात्रासारख्या नामांकित गायकाची प्रेमगीते वाद्यांवाचून, नुसत्या गायकवृंदाच्या साथीवर मुद्रित केली. वाद्यांच्या जागा माणसे तोंडाने भरून काढू लागली! ज्या जागा भरून काढाव्या लागतात त्या रिकाम्या ठेवता येत नाहीत, हे यावरून उघड झाले. १९४४ च्या अखेरीस बड्या कंपन्यांनी तडजोड केली, आणि विकलेल्या तबकडीमागे काही रक्कम वादकांच्या निधीत देण्याचे मान्य केले.

ही लढाई एका दिवसात संपणारी नव्हती. ब्रिटनमध्ये १९९६ मध्ये नियम झाले आणि ध्वनिमुद्रिका रेडिओवर किंवा सार्वजनिक जागी वाजली तर तिच्यातल्या कलाकारांना, बैठकीच्या वादकांनाही, वाजवी मोबदला मिळण्याचा हक्क आला. २०१३ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० केली गेली, तेव्हा आणखी एक तरतूद झाली. एकरकमी मोबदल्यावर हक्क देऊन बसलेल्या वादकांसाठी, पन्नास वर्षांनंतरच्या काळात, कंपनीने उत्पन्नाचा २० टक्के भाग दरसाल बाजूस काढावा. 'बेकर स्ट्रीट'ची ती पन्नास वर्षे २०२८ मध्ये भरतात. वादक ते पाहण्यास नाही.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या चित्रपटगीतांत गोव्याहून आलेल्या वादकांनी केवढे काम केले, हे जाणकारांस ठाऊक आहे. जुन्या तबकड्यांवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे छापलेली असत. सॅक्सोफोन, बासरी वा व्हायोलिन वाजवणाऱ्यांची सहसा नसत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मुळे घरोघर गेले, कारण संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य होते. पण ते नाव विनोदी नायकाचे म्हणून गेले. हा खराच एक व्हायोलिनवादक होता हे किती जणांस माहीत होते? विलायतेत याच्या उलट झाले. 'बेकर स्ट्रीट'मधला सॅक्सोफोन बॉब होलनेस या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेच्या सूत्रधाराने वाजवला, अशी थट्टेतली अफवा उठली आणि पुष्कळांनी ती खरी मानली. एके ठिकाणी वादकाचे नाव राहिले आणि काम हरवले, दुसऱ्या ठिकाणी काम राहिले आणि नाव हरवले.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? कायद्यात पुष्कळ आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराबद्दल कलाकारास रॉयल्टीचा हक्क मिळाला. परंतु त्याच दुरुस्तीत अशा अर्थाचीही तरतूद आहे की, चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, त्यास, आपले काम विकृत होऊ न देण्याचा हक्क वगळता, कलाकार समजले जाणार नाही. हे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. गाण्याच्या कण्याला उद्या कोणी 'आनुषंगिक' म्हटले तर उत्तर कशाने द्यायचे? नाव छापलेले असेल तर नावाने देता येईल. नाव न छापण्याची रूढी असेल, तर ती रूढीच हक्काच्या आड येऊन उभी राहील.

म्हणून आमची विनंती साधी आहे. गाण्यात ध्रुवपदाचे काम सॅक्सोफोन करीत असेल, विसाव्याचे काम बासरी करीत असेल, तर ते काम ओळखा आणि करणाऱ्याचे नाव विचारा. या गावात संगीताचे कार्यक्रम होतात, त्यांच्या पत्रिका छापल्या जातात. साथीदारांची नावे तीत गायकाच्या नावाखाली, वाचता येतील एवढ्या टाइपात घाला. आमच्या सभांनाही हेच लागू आहे. शाहीर येतो, त्याच्यामागे उभ्या असलेल्या ढोलकीवाल्याला आम्ही स्वतः अनेकदा नावाशिवाय पाठवले आहे. यापुढे तसे होणार नाही, एवढे या व्यासपीठावरून कबूल करून आम्ही आपली रजा घेतो.